अंधांचे ध्वनिखेळ आणि हातांतील साधन

ज्या खेळांत चित्र नसतें व पडदा असलाच तर तो कोरा असतो, पण तरीही ज्यांत रानवाट तुडवावयाची असते, शत्रु चुकवावयाचा असतो व शर्यत जिंकावयाची असते, अशा खेळांस ध्वनिखेळ म्हणतात. हे खेळ संगणकावर किंवा मोबाईलवर केवळ कानांच्या आधारानें खेळले जातात. जपानांत १९९७ सालीं केंजी एनो यांनीं सेगा सॅटर्न या यंत्रासाठीं ‘रिअल साउंड: काझे नो रिग्रेट’ नांवाची एक ध्वनिकथा काढिली. कथेंत घंटानाद झाला कीं पुढील मार्ग ऐकणारानें निवडावयाचा. फ्रान्समध्यें लियों येथें तयार झालेल्या ‘अ ब्लाइंड लेजंड’ (२०१५) या खेळाचा नायक स्वतःच अंध योद्धा असून त्याची मुलगी त्याला शब्दांनीं वाट दाखविते.

डोळ्यांवांचून दिशा कशी कळते? डावीकडील आवाज डाव्या कानांत आधीं व उजव्या कानांत मागाहून पोंचतो. हा फरक सेकंदाच्या एक हजारांशाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ताडतो. समोरचा व पाठीमागचा आवाज मात्र दोन्ही कानांत एकाच वेळीं पोंचतो, आणि तेथें घोटाळा होतो. तो सोडविण्यास आपण मान किंचित् वळवितों. खेळांत मान वळविण्याचें काम बोटाला करावें लागतें. म्हणून ध्वनिखेळांत हातांतलें साधन फार महत्त्वाचें. डोळस खेळाडूच्या बटणानें दगा दिला तर तें पडद्यावर दिसतें. अंध खेळाडूला मात्र दोष आपला कीं बटणाचा, हें कळावयास सहसा मार्ग नसतो. साधनांची परीक्षा आम्ही याच दृष्टीनें करणार आहों.

सर्वांत साधें, आणि आमच्या मतें आजही सर्वांत चांगलें साधन म्हणजे कीबोर्ड. विद्यार्थ्यांनीं डोळे मिटून त्यावर बोटें फिरवून पाहावींत. ‘एफ’ व ‘जे’ या दोन कळांवर बारीक उंचवटा लागेल; अंकांच्या चौकटींत ‘५’ वरही बहुधा तसाच असतो. तेवढ्या खुणेवरून बाकीच्या कळा सांपडतात. बाणांच्या चार कळा थोडी मोकळी जागा सोडून बसविलेल्या असतात, त्यामुळें हात तेथें विनासायास जातो.

परंतु स्वस्त कीबोर्डांत पुष्कळदां एक दोष असतो, तो समजून घेण्याजोगा आहे. त्यांत प्रत्येक कळेस स्वतंत्र तार नसते. तारांच्या आडव्या व उभ्या ओळी असतात, आणि कळ दाबली म्हणजे एक आडवी व एक उभी तार जोडली जाते. यंत्र एकेक ओळ तपासून कोणती कळ दाबली गेली तें ओळखतें. आतां कागदावर एक चौकोन काढा आणि त्याच्या चार कोंपऱ्यांवर चार कळा आहेत असें समजा. तीन कोंपरे एकदम दाबले, तर वीज त्या तिघांमधून वळसा घेते व चौथी कळही दाबली गेल्याचा भास उत्पन्न होतो. हा खोटा चौथा टाळण्यासाठीं बरेच कारखानदार अशा वेळीं तिसरी कळ मोजीतच नाहींत.

धांवतां धांवतां वळून बाण सोडावयाचा असेल, तर तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. तिसरी मोजली गेली नाहीं कीं बाण सुटल्याचा आवाज येत नाहीं. खेळणाऱ्या मुलास वाटतें, आपणच उशीर केला. तें पुनः पुनः तीच चाल घोटितें, आणि अखेर हा खेळ आपल्याला जमावयाचा नाहीं असें म्हणून उठून जातें. चूक असते तारेची! पालकांनीं विकत घेण्यापूर्वीं पाहावें: लिहिण्याचें पान उघडून दोन अक्षरें दाबून धरावींत व तिसरें दाबावें, तें उमटलें नाहीं तर त्या तीन कळांची जोडी निरुपयोगी. शिफ्ट, कंट्रोल व अल्ट या कळांची जोडणी बहुधा अशा बेतानें केलेली असते कीं त्या अडत नाहींत. म्हणून तिसरें काम त्यांजकडे देणें सोयीचें.

येथें दुसरी अडचण उभी राहते. अंध मनुष्य संगणक वापरतो तो पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्यानें. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ सालीं आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. तींत कंट्रोल दाबलें कीं बोलणें थांबतें. खेळानें तीच कळ बाणास नेमली, तर प्रत्येक बाणाबरोबर एखादें वाक्य तुटतें! जे खेळ स्वतःच बोलतात त्यांच्यापुरती एनव्हीडीए निजवून ठेवण्याची सोय आहे. मग सर्व कळा थेट खेळाकडे जातात.

दोन्ही हातांत धरावयाच्या कंट्रोलरची गोष्ट निराळी. त्याच्या बटणांवरील अक्षरें बोटास लागत नाहींत, आणि नांवेंही एकसारखीं नाहींत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर ‘एक्स’ डावीकडे असतें, तर निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ‘एक्स’ म्हणजे वरचें बटण. शिकविणारानें ‘एक्स दाब’ असें न म्हणतां ‘डावें दाब’ असें म्हणावें. या साधनाचा मोठा गुण म्हणजे त्याचें थरथरणें. १९९७ सालीं निन्टेन्डोनें आपल्या कंट्रोलरला थरथरणारा जोड दिला. पुढें पुष्कळ कंट्रोलरांत दोन मोटारी आल्या, डाव्या मुठींत जड व उजव्या मुठींत हलकी. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) या चित्रमय खेळांतही ध्वनि व थरथर यांच्या खुणा दिल्यामुळें अंध खेळाडूंस तो आरंभापासून अखेरपर्यंत खेळतां आला.

मोबाईलच्या कांचेवर मात्र ना उंचवटा, ना कडा. लंडन येथील ‘पापा सांग्रे’ (२०१०) या खेळानें त्यावर सुरेख तोड काढिली होती. कांचेच्या खालच्या भागीं डावें व उजवें पाऊल. दोन्ही अंगठे आळीपाळीनें टेंकवीत चालावयाचें, आणि फार घाई केली तर अडखळावयाचें. बटण शोधावयास नकोच!

राहिले हेडफोन. बिनतारी हेडफोनांत आवाज किंचित् उशिरां येतो. संगीत ऐकतांना तें जाणवत नाहीं, खेळांत मात्र उडी चुकते. तारेचा हेडफोन स्वस्तही पडतो. त्याची डावी बाजू ओळखण्यास तिच्यावर दोऱ्याची एक गांठ बांधावी; कारण बाजू उलट झाली तर खेळांतील भिंती, दारें व शत्रु, सारेच बाजू बदलतात, आणि आवाज मात्र स्वच्छ येत राहतो.