छायाचित्राची वेळ आणि स्थळ

उजनी जलाशयाच्या काठी, भिगवण येथे, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. डिजिटल कॅमेरा त्यांच्या चित्राबरोबर दिनांक व वेळही नोंदवून ठेवतो. मात्र त्यातील घड्याळाला आपण कोठे आहोत हे ठाऊक नसते. लावून दिलेली वेळच ते पुढे चालविते. जपानची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. तेथील वेळेवर राहिलेला कॅमेरा सकाळी ७ वाजता टिपलेला थवा १०.३० चा म्हणून नोंदवील. मग पक्षी केव्हा चरतात याचा अभ्यास करणारा फसणारच! यासाठी निघण्यापूर्वीच घड्याळ भारतीय प्रमाणवेळेशी जुळवावे. विसर पडलाच, तर एखाद्या अचूक घड्याळाचे छायाचित्र घ्यावे. त्यावरून चूक किती ते कळते व साऱ्या वेळा मागाहून संगणकावर दुरुस्त करता येतात.

काही कॅमेरे स्थळही नोंदवितात. त्यासाठी निदान चार उपग्रहांचे संकेत मिळावे लागतात; म्हणून कॅमेरा सुरू करून थोडा वेळ मोकळ्या आभाळाखाली थांबावे. घरट्याच्या चित्रातील स्थळाची नोंद मात्र, चित्र दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी, पुसून टाकावी. अक्षांश-रेखांश शिकाऱ्यालाही वाचता येतात.