बुडखे काढण्याच्या कामी साखळी-करवतीची निवड

झाड पडले वा पाडले आणि लाकूड घरी आले म्हणजे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मागे राहिलेला बुडखाच पुढे कित्येक वर्षे शेतकऱ्याच्या कामात आडवा येतो. नांगराचा फाळ त्यावर आपटतो. सुबाभळीसारख्या झाडाच्या बुडख्यास पुनःपुन्हा फुटवे येतात. नारळाचा बुडखा कुजू लागला म्हणजे त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, व तेथे पोसलेली भुंग्यांची पिढी शेजारच्या निरोगी माडांचे कोंब पोखरते. सबब बुडखा काढणे हे काम टाळण्यासारखे नाही. कुऱ्हाड, पहार, घण आणि पाचर यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या होत आले. आता त्यांच्या जोडीला साखळी-करवत, जिला बाजारात चेनसॉ म्हणतात ती, आली आहे. या कामासाठी ती घ्यावयाची तर काय पाहून घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उभे झाड कापताना यंत्राची गाठ लाकडाशी असते. बुडखा कापताना ती मातीशी असते. जो केवळ बुडख्याचा घेर पाहून मोठ्यात मोठे यंत्र घेतो, त्याचे पैसे बहुधा व्यर्थ जातात. जो मातीचा विचार करून यंत्र घेतो, त्याचे काम लहान यंत्रावरही होते.

साखळीचा दात कसा कापतो

याचे कारण साखळीच्या दाताच्या घडणीत आहे. जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती उचलावयास दोन माणसे लागत. पुढे यंत्र हलके झाले, तरी जुन्या साखळीचे दात लाकूड खरवडीत व लवकर बोथट होत. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी भुंगेऱ्याची अळी लाकूड कशी पोखरते हे बारकाईने पाहिले. अळीचे जबडे डावीउजवीकडे आळीपाळीने लाकूड सोलीत जातात. त्याच रीतीने एक दात डावा व एक उजवा अशी साखळी त्यांनी १९४७ मध्ये बनविली. आजच्या साखळ्या त्याच घाटाच्या आहेत.

तात्पर्य, हा दात सुताराच्या रंध्याप्रमाणे लाकडाचा ढलपा काढतो, आणि त्याचे सर्व बळ एका पातळ धारेत असते. ३/८ इंची मापाच्या, ७२ कड्यांच्या साखळीस ३६ दात असतात व तिची लांबी सुमारे १.३७ मीटर भरते. ती सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरते, म्हणजे एका सेकंदात पाचशेहून अधिक दात एका जागेवरून जातात. पात्याचे टोक निमिषभर जरी मुरमात गेले, तरी सर्व दातांची धार एकाच वेळी मरते. मग कितीही अश्वशक्तीचे यंत्र असो, ते ढलप्याऐवजी भुसा काढू लागते व तापते. ढलप्याच्या जागी बारीक पीठ पडू लागले की साखळी बोथट झाली असे समजून काम तत्काळ थांबवावे.

एंजिन

एंजिनाचे माप घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे ‘सीसी’त, सांगतात. ३० ते ४० सीसीचे यंत्र फांद्या छाटण्यास ठीक. बाभळीच्या वाळलेल्या बुडख्यापुढे ते टिकावयाचे नाही. बुडख्याच्या नित्य कामास ६० ते ७० सीसीचे व ३ ते ४ किलोवॅट शक्तीचे व्यावसायिक यंत्र योग्य होय. पाते व साखळी वगळून त्याचे वजन ६ किलोच्या आसपास असते. यंत्राच्या नावातील आकड्यावर भिस्त ठेवू नये. माहितीपत्रकात किलोवॅट किती दिले आहेत ते वाचावे.

‘व्यावसायिक’ हा शब्द आज कोणत्याही खोक्यावर छापलेला आढळतो. त्याची पारख अशी: एंजिनाचे कवच मॅग्नेशियम धातूचे आहे काय; साखळीस तेल किती जावे हे स्क्रूने कमीजास्त करता येते काय; हवेची गाळणी हत्याराविना काढून साफ करता येते काय; आणि पिस्टन, क्लच, साखळीची चक्री हे भाग तालुक्याच्या गावी सुटे मिळतात काय. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याचा सुटा भाग मिळत नाही, ते यंत्र स्वस्तात मिळूनही महाग पडते.

पाते

साखळी ज्याच्या कडेने फिरते ते लांबट पोलादी पाते बुडख्याच्या व्यासाइतके लांब हवे, हा समज बरोबर नाही. ३० इंच व्यासाचा बुडखा २० इंची पात्याने दोन बाजूंनी कापता येतो. पाते जितके लांब, तितकी एंजिनाची शक्ती साखळी ओढण्यात खर्च होते. आणि पलीकडे निघालेले टोक डोळ्याआड मातीत शिरते. सबब ज्याने काम भागेल असे आखूडात आखूड पाते घ्यावे. ६० ते ७० सीसीच्या यंत्रास १८ वा २० इंची पाते बहुतेक शेतकऱ्यांस पुरे.

साखळी

साखळीचे दात मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. एकाचा कोपरा चौकोनी व तीक्ष्ण असतो. तो स्वच्छ लाकूड झपाट्याने कापतो, परंतु मातीचा कण लागताच बोथटतो. दुसऱ्याचा कोपरा किंचित गोल असतो. तो थोडा सावकाश कापतो, पण धुळीत धार अधिक वेळ धरतो. बुडख्यासाठी गोल कोपऱ्याचीच साखळी मागावी. कार्बाइडच्या दातांची साखळी याहून चिवट असते. मात्र तिची किंमत फार, आणि ती साध्या कानशीने घासता येत नाही, हिऱ्याच्या चाकावरच न्यावी लागते. नवशिक्याने तिच्या मागे लागू नये.

साखळी विकत घेताना तीन आकडे जुळले पाहिजेत. पहिला, लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचे निम्मे; यास पिच म्हणतात. दुसरा, पात्याच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी. तिसरा, अशा कड्यांची संख्या. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत व वही दुकानी न्यावी. एका यंत्रामागे किमान तीन साखळ्या असाव्यात. एक बोथटली की दुसरी चढवावी, आणि घासण्याचे काम सावलीत, निवांत बसून करावे. कानशीचा व्यास पिचप्रमाणे ठरतो, ०.३२५ इंच पिचच्या साखळीस ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते.

इंधन व तेल

ही दोन धावांची एंजिने आहेत. त्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. ५० भागांस १ असे प्रमाण असेल, तर एक लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल. २५ भागांस १ असेल तर ४० मिलिलिटर. कोणते प्रमाण घ्यावयाचे हे यंत्राच्या पुस्तिकेवरून ठरवावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे. पेट्रोलात आता इथेनॉल असते, म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे. महिन्याहून जुने वापरू नये.

साखळीस लागणारे तेल वेगळे. ट्रॅक्टरमधून काढलेले जळके तेल अनेकजण त्या जागी ओततात. त्यात धातूचा कीस असतो, तो पाते झिजवितो. शिवाय ते कातडीस अपायकारक आहे. तेल नीट येते की नाही हे पाहण्यास पात्याचे टोक स्वच्छ फळीपासून वीतभर दूर धरून यंत्र जोरात फिरवावे. फळीवर तेलाची रेघ उमटली म्हणजे ठीक.

काम करण्याची रीत

बुडख्याभोवती हातभर रुंद चर खणून मुळांचे फाटे उघडे करावेत. माती सालीच्या भेगांत दडलेली असते, म्हणून कापावयाच्या रेषेवरील साल कुऱ्हाडीने तासून टाकावी व जागा झाडणीने साफ करावी. पात्याच्या खालच्या कडेने कापताना साखळी आपल्याकडे धावते, म्हणजे पलीकडच्या बाजूची माती ओढून लाकडात आणते. याकरिता पलीकडची बाजू विशेष स्वच्छ करावी. जमिनीखालची मुळे करवतीने कधीही कापू नयेत. ते काम कुऱ्हाड व पहार यांचे. नारळाचे तंतू क्लचच्या झाकणात गुंततात, तेव्हा माड कापताना एंजिन बंद करून झाकण वरचेवर साफ करावे.

जिवाची काळजी

पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडास, दगडास वा लपलेल्या मुळास लागला, तर करवत क्षणार्धात उसळून चालकाच्या तोंडाकडे येते. बुडख्याच्या कामात टोक दृष्टीआड असते, म्हणून येथे हा धोका अधिक. साखळीस तत्काळ थांबविणारा ब्रेक ज्यास नाही, ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि असलेला ब्रेक रोज तपासावा. दोन्ही हातांची पकड असावी, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळलेला असावा. शिरस्त्राण, डोळ्यांस जाळी, कानांस आच्छादन, बंद बूट व साखळी अडविणारी जाड विजार ही यंत्राच्या किंमतीतच धरावीत. सैल धोतर, गळ्यातील उपरणे वा पंचा, पायात चप्पल, असा वेष या कामी चालणार नाही.

उन्मळून पडलेल्या झाडाविषयी वेगळे सांगणे जरूर आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्याच्या बाजूस किनाऱ्यावर आले आणि रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. अशा झाडाच्या मुळांचा गड्डा मातीसह भिंतीसारखा उभा राहतो. खोड कापून त्याचा भार गेला की तो गड्डा अकस्मात खड्ड्यात परत बसू शकतो. त्या खड्ड्यात उभा असलेला माणूस वाचणे कठीण. म्हणून गड्ड्यास आधी दोराने बांधावे वा टेकू द्यावा, आणि त्याच्या मागे कोणासही, विशेषतः मुलांस, उभे राहू देऊ नये.

कागदाची बाजू

झाडे तोडण्यासंबंधीचा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा अनुसूचीतील झाडांस लागू आहे. त्यांत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, खैर, चंदन इत्यादी येतात. झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असले तरी ते तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पुढे चौकशी झालीच, तर पंचनाम्यात बुडख्याचाच घेर मोजला जातो. याकरिता परवानगीचा कागद हाती असल्यावाचून झाडास हात लावू नये, आणि तो कागद बुडखा निघाल्यावरही जपून ठेवावा.

कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये

ज्यास वर्षाकाठी चारदोन बुडखेच काढावयाचे आहेत, त्याने असे यंत्र घेऊ नये. पडून राहिलेल्या यंत्रात इंधनाचा चिकटा धरतो आणि ऐन कामाच्या दिवशी ते सुरू होत नाही. त्यांच्यासाठी सहकारी संस्थेने एक चांगले यंत्र घेऊन भाड्याने देणे हाच उत्तम मार्ग. मात्र यंत्रासोबत शिकलेला चालकही संस्थेनेच द्यावा. ज्याच्या त्याच्या हाती करवत दिल्यास साखळ्या तर जातीलच, एखाद्याचा पायही जाईल. तारीख, तास, इंधन, कोणती साखळी चढविली व केव्हा घासली, यांची नोंदवही ठेवावी. तीन महिन्यांची नोंद पाहिली म्हणजे भाडे किती आकारावे हे आपोआप कळते.

सारांश, शक्ती मध्यम, पाते आखूड, दाताचा कोपरा गोल, साखळ्या तीन, ब्रेक शाबूत आणि चालक शिकलेला, असे जुळल्यास बुडख्याचे काम निर्धोक होईल. यांपैकी पहिली चार मोलाने मिळतात. शेवटची दोन राखावी लागतात, आणि ती राखली नाहीत तर पहिल्या चारांचा उपयोग नाही.