मऊ तळाचे बूट: घेण्याआधी पायाला विचारा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण बचतीचा, कर्जाचा, परतफेडीचा हिशेब दर महिन्याला करतो. पायांचा हिशेब मात्र कुणी करत नाही. कापूस वेचून, भट्टीपुढं उभं राहून, वाळूज-चिकलठाण्याच्या कंपनीत काँक्रीटच्या फरशीवर पाळी भरून घरी आलं की पोटऱ्यांत गोळे येतात, टाच ठणकते. रात्री तेल चोळायचं, सकाळी पुन्हा कामाला लागायचं, असंच चाललेलं असतं. दशसूत्रीत आरोग्य आहे, आणि आरोग्यात पायही येतातच.

सध्या बाजारात धावपटूंसाठीचे जाड, मऊ तळाचे बूट आले आहेत. मुलांच्या पायात दिसतात, मोबाइलवर जाहिरात येते: घाला आणि पायदुखी विसरा. पुष्कळ जणींनी विचारलं, हे घ्यावेत का? या पाठात त्याचाच अभ्यास करू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. मऊ बूट हे औषध नाही, ते एक साधन आहे. काहींना त्याचा चांगला उपयोग होतो, काहींना होत नाही. आपल्याला होतो का, हे जाहिरात पाहून कळत नाही. ते आपल्याच पायावर, नोंद ठेवून तपासावं लागतं.

१. पाय दुखतो म्हणजे नेमकं काय दुखतं?

एका पायाच्या पंजात २६ हाडं असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. धनुष्याला दोरी असते तसा तो पायाची कमान ताणून धरतो. तासन् तास कडक जागेवर उभं राहिलं, वजन वाढलं, पातळ झिजलेली चप्पल वापरली, की टाचेजवळ हा पट्टा दुखावतो. याची खूण सोपी आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार-पाच पावलं टाकताना टाचेत काटा टोचल्यासारखी कळ येते आणि चालल्यावर ती कमी होते.

पोटरीचं दुखणं वेगळं. तिथं स्नायू थकलेले आणि आखडलेले असतात. गुडघ्याचं दुखणं आणखी वेगळं. बुटाचा उपयोग सगळ्यात जास्त तळवा आणि टाच दुखते तेव्हा होण्याची शक्यता असते. पोटरीला थोडाफार होतो. गुडघा आणि कंबर फक्त बुटानं बरी होईल अशी आशा धरू नका.

२. जाड तळ काय काम करतो?

या बुटांचा तळ फोमचा असतो. फोममध्ये हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात. पाय टेकला की ते दबतात आणि भार एकाच ठिकाणी न येता तळव्यावर पसरतो. नवी गोधडी आणि दबलेली गोधडी यांत जो फरक, तोच नव्या आणि जुन्या फोममध्ये. धावणाऱ्यांचा सर्वसाधारण अंदाज असा की ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम दबून जातो. वरून बूट चांगला दिसतो, पण आतली गादी गेलेली असते.

अशा जाड तळाची लाट आणली ती २००९ साली फ्रान्समध्ये सुरू झालेल्या होका कंपनीनं. डोंगर उतरताना पायांना कमी मार बसावा, हा त्यामागचा विचार होता. पुढं बहुतेक कंपन्यांनी जाड तळ आणले.

मग मार खरंच कमी बसतो का? २०१८ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. जाड मऊ बुटात वेगानं धावताना पायावरचा आघात कमी झाला नाही, उलट साध्या बुटापेक्षा थोडा वाढला. कारण तळ मऊ असला की आपण पाय जास्त ताठ ठेवून टेकतो. २०२० साली लक्झेंबर्गच्या संशोधकांनी आठशेहून जास्त हौशी धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कडक तळाचे बूट घालणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या. दोन अभ्यासांतून दोन गोष्टी निघाल्या, आणि दोन्ही अभ्यास धावणाऱ्यांचे होते, डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या बायकांचे नव्हते. म्हणून आपला अभ्यास आपणच करायचा.

३. कुठं चालतो, कुठं चालत नाही

चालतो: डांबरी रस्ता, कंपनीतली फरशी, शाळेच्या पोषण आहाराचं स्वयंपाकघर, आशाताईंची घरभेट, बाजाराचा दिवस.

चालत नाही: ओली काळी माती. चिखल तळाला चिकटतो, बूट जड होतो, आणि उंच मऊ तळावर घोटा मुरगळतो. बाभळीचा काटा फोममधून आरपार जातो. फवारणीच्या वेळी तर कापडी बूट मुळीच नको, औषध कापडात मुरतं आणि कातडीला लागतं. तिथं गमबूटच हवा.

घरात आपण अनवाणी असतो. टाच दुखणाऱ्या बाईला कडक फरशी सर्वांत जास्त त्रास देते. घरात घालायला एक वेगळी मऊ चप्पल ठेवा. कमी खर्चातला हा मोठा उपाय आहे.

४. आधी स्वस्त उपाय, मग महाग

नामांकित कंपनीचे जाड तळाचे बूट दहा-पंधरा हजारांच्या घरातही जातात. तेवढ्यासाठी गटातून कर्ज काढू नका. पायऱ्या अशा घ्या:

पहिली पायरी: आजची चप्पल उलटी करून पाहा. टाच एका बाजूनं झिजली असेल, तळ अंगठ्यानं दाबून लगेच चपटा होत असेल, तर पहिला दोष तिचाच.

दुसरी पायरी: काहीशे रुपयांत मिळणारी मऊ ‘डॉक्टर चप्पल’, मागं पट्टा असलेली. पट्टा नसला की चप्पल सुटू नये म्हणून बोटं आवळून चालावं लागतं, आणि पाय अजून थकतो.

तिसरी पायरी: जाड मऊ तळाचा बूट. साध्या कंपनीचाही चालतो. पैठण गेट, गुलमंडी, औरंगपुरा भागात खरेदीला जाल तेव्हा ही यादी जवळ ठेवा:

• संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो.
• घरी कागदावर उभं राहून दोन्ही पायांची पेन्सिलनं आखणी करा. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप धरा.
• मोजे घालूनच बूट घालून पाहा. सर्वांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.
• बुटाची मागची भिंत अंगठ्यानं दाबा. ती लगेच आत दबली तर टाच हलत राहील. तळ मऊ चालेल, टाचेची पकड घट्टच हवी.
• बूट मधून पिळून पाहा. फडक्यासारखा पिळला जात असेल तर नको.
• दुकानात दहा मिनिटं चाला, पायरी चढा-उतरा. ‘वापरून सैल होईल’ या बोलण्यावर जाऊ नका. पहिल्या घटकेलाच आराम वाटला पाहिजे.

पायांच्या हालचालींचे जाणकार बेनो निग यांचंही म्हणणं असंच आहे: घालणाऱ्याला जो बूट सोयीचा वाटतो, त्यात दुखापतीचा धोका कमी असतो. म्हणजे निवाडा पायानं करायचा, किमतीनं नाही.

५. तीन आठवड्यांचं पायांचं रजिस्टर

गटाच्या रजिस्टरसारखंच हे ठेवा. वहीत पाच रकाने आखा: तारीख, पायात काय घातलं, किती तास उभं राहणं-चालणं झालं, सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं, रात्रीचं दुखणं. दुखण्याला ० ते १० आकडा द्या. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं.

पहिला आठवडा नेहमीचीच चप्पल घाला आणि फक्त नोंद करा. ही झाली आपली सुरुवातीची शिल्लक. दुसऱ्या आठवड्यात नवी चप्पल किंवा बूट आणा, पण पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडं थोडं वाढवा. तिसरा आठवडा पूर्ण वापर. शेवटी पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्याची सरासरी काढा. समजा, सकाळचा आकडा ६ वरून ३ वर आला, तर वस्तू कामाची. ६ वरून ५ झाला, तर फरक फार नाही. नवीन ठिकाणी दुखायला लागलं, म्हणजे गुडघा, घोटा किंवा बोटं, तर थांबा.

बुटासोबत रोज दोन व्यायाम करा. भिंतीला हात टेकून एक पाय मागं, मागची टाच जमिनीला, गुडघा सरळ. पोटरीला ताण बसेल, तसं ३० पर्यंत मोजा. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. दुसरा: खुर्चीवर बसून एक जुनं लाटणं किंवा पाण्याची भरलेली बाटली तळव्याखाली दोन मिनिटं फिरवा. टाचेचं दुखणं जायला काही महिनेही लागतात, आठ दिवसांत निराश होऊ नका.

६. साखर असलेल्या ताईंसाठी वेगळा नियम

आतापर्यंत म्हटलं की निवाडा पायानं करायचा. पण मधुमेहात कधी कधी पायाची जाणीवच कमी होते. मग बूट चावला तरी कळत नाही, आत खडा गेला तरी कळत नाही. मुंग्या येणं, पाय बधिर वाटणं, चप्पल निसटली तरी न समजणं ही त्याची लक्षणं. अशा पायावर ‘आराम वाटतो’ या शब्दाचा भरवसा धरता येत नाही.

म्हणून बूट घालण्याआधी आत हात घालून पाहा. रोज रात्री तळवे आरशात पाहा किंवा लेकीला, सुनेला पाहायला सांगा. लाल डाग, फोड, भेग दिसली तर दुसऱ्या दिवशीच आरोग्य केंद्रात जा. छोट्या फोडाकडं दुर्लक्ष होऊन बोट, पाय गमावण्याची वेळ येते. तिशीच्या पुढच्या सर्वांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. गटातली एकही बाई त्यातून सुटू देऊ नका.

७. भद्रा मारुतीची पायी वारी

श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला हजारो लोक पायी जातात. पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, मग घाट. अंतर साधारण २५ किलोमीटर. पाऊल दोन फुटांचं धरलं तर एका किलोमीटरला सोळाशेच्या वर पावलं पडतात, म्हणजे खुलताबादपर्यंत चाळीस हजारांच्या वर. बोटाला जरा घासणारा बूट तेवढ्या पावलांत काय करेल, ते पाहा.

त्यामुळे नवाकोरा बूट वारीच्या रात्री पहिल्यांदा घालू नका. निदान तीन आठवडे आधी वापरात आणा. त्याच बुटात एकदा पाच आणि एकदा दहा किलोमीटर चालून पाहा. सोबत जास्तीचे मोजे घ्या, ओले झाले की बदला. ज्यांचा अनवाणी जाण्याचा नवस आहे, त्यांच्या श्रद्धेचा मान आहेच. पण साखर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. देव पाय मागत नाही.

८. भरतीची तयारी करणाऱ्या लेकींसाठी

पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं. पहाटे रस्त्यावर सराव करणाऱ्या मुलींची नडगी दुखते, आणि घरचे म्हणतात बूट बदल. बूट झिजला असेल तर बदलाच. पण नडगी बहुतेक वेळा अंतर एकदम वाढवल्यानं दुखते. दर आठवड्याला थोडंच वाढवा, एक-दोन दिवस विश्रांती ठेवा, जमेल तिथं डांबराऐवजी मैदानावर धावा. सावकाश लांब धावायला मऊ बूट बरा. १०० मीटरला फार जाड तळ जड आणि डगमगता वाटतो. चाचणीच्या दिवशी नवा बूट नको.

९. हे दुखणं बुटाचं नाही

एकच पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखते. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की लगेच थांबते. पायातली ताकद कमी झाली. हाताची बोटंही सकाळी आखडतात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे. यांपैकी काहीही असेल तर बुटाचा विचार सोडा आणि डॉक्टरकडं जा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गरज पडल्यास घाटीत पाठवतात. एक पोटरी अचानक सुजली असेल तर त्याच दिवशी जा.

लोक काय म्हणतील?

साडीवर बूट घातला की हसतात, हे खरं आहे. मूळच्या बुलढाण्याच्या लता भगवान करे पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली सिनेमाही आला. आपण त्यांच्या अनवाणी पायांचं कौतुक करतो. पण अनवाणी धावणं ही त्यांची हौस नव्हती, गरिबी होती. ज्या पायांवर घर उभं आहे, त्या पायांना साडीखाली बूट मिळाला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. पहिली बाई घालते तेव्हा हसतात. गटातल्या पाच जणींनी एकदम घातले की कुणी बघतही नाही.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या गटात टाच किती जणींची दुखते, पोटरी किती जणींची, गुडघा किती जणींचा? हात वर करून मोजा आणि इतिवृत्तात लिहा.
२. प्रत्येकीनं चप्पल उलटी करून शेजारणीला दाखवा. झीज कुठं आहे?
३. साखर न तपासलेल्या किती जणी आहेत? त्यांना कोण घेऊन जाणार आणि कोणत्या दिवशी?
४. पायांचं रजिस्टर ठेवायला तयार असलेल्या तिघींची नावं ठरवा. तीन आठवड्यांनी त्यांनी आपले आकडे गटात वाचून दाखवावेत. मगच बाकीच्यांनी बूट घ्यायचा की नाही ते ठरवावं.