पॅड मरतो तो उष्णतेने

वसई पूर्वेच्या वालीव-गोखिवरे पट्ट्यात गाड्यांचं रबिंग-पॉलिश करतो. मे महिन्यातली गोष्ट. पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी एका काळ्या गाडीच्या बोनेटवर काम चाललं होतं. कारागिराच्या मशीनवरचा पॅड चालता चालता वेल्क्रोपासून सुटून भिंतीवर आदळला आणि उघड्या प्लेटने क्षणात क्लिअर कोट खरवडला. तो पॅड मी हातात घेऊन बघितला. कड जवळजवळ नवी होती, पण मधला फोम कडक, चकचकीत आणि बशीसारखा आत गेलेला. मागचा गोंद गरमीने मऊ होऊन सुटला होता.

ड्युअल ॲक्शन मशीनवर पॅड फिरतो आणि थरथरतोही. त्यातून निघणारी उष्णता मध्यभागी साठते, कारण वारा लागतो तो कडेला. काही पॅडना मध्ये भोक असतं ते यासाठीच. चरा जात नाही म्हणून कारागीर अंगाचा भार टाकतो, तेव्हा पॅडचं फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते आणि फोम आतल्या आत भाजतो. म्हणून प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. अडली की हात हलका करा. चरा तरीही जात नसेल तर भार न वाढवता पॅड किंवा कंपाउंड बदला.

एकाच पॅडवर अख्खी गाडी काढणं मला मुळीच पटत नाही. तीन-चार पॅड आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला थंड व्हायला वेळ मिळतो. कंपाउंड चार बारीक थेंब पुरे. जास्तीचं फोमच्या छिद्रांत वाळून बसतं आणि पॅड दगडासारखा जड होतो, म्हणून प्रत्येक भाग झाला की नायलॉनचा ब्रश फिरवा किंवा हवा मारा. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते आधी सोडून द्या. प्लेट 5 इंची असेल तर पॅड साडेपाच इंची घ्या. बंपरचे कोपरे, नंबरप्लेटची खाच अशा जागी 3 इंची पॅड लावा, मोठ्याची कड तिथे फाटते.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको, गोंद सुटतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी खारट असतं, तेव्हा शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. पिळू नका, तळव्यांनी दाबा. वाळवताना फोम खाली, वेल्क्रो वर, म्हणजे पाणी गोंदापाशी साचत नाही. जागा सावलीची, पंख्याखालची हवी. जून ते सप्टेंबर वसईच्या दमट हवेत पॅड रात्रीतून वाळतोच असं नाही. ओलसर पॅड डब्यात बंद केला की बुरशी धरते, आणि लोकरी पॅड तर लगेच वास मारतो.

जेवायला जाताना मशीन पॅडवर टेकवून ठेवायची सवय सोडा. गरम फोम वजनाखाली दबतो आणि तसाच राहतो. पॅड थोडा निवू द्या, कडेकडून हळू सोडवा आणि सपाट ठेवा.

वेल्क्रोची कड उचललेला किंवा मध्ये खोलगट झालेला पॅड पुन्हा चिकटवू नका. त्याच दिवशी कात्रीने दोन तुकडे करून टाका, म्हणजे घाईत दुसरा कोणी तो मशीनवर चढवणार नाही.