इंजिनाचा श्वास

प्रस्तावना

चेन्नई हे भारतातील वाहन-उद्योगाचे मोठे केंद्र आहे. शहराच्या उत्तरेस एन्नोर येथे १९४८ साली स्थापन झालेल्या 'अशोक मोटर्स' या कंपनीचे १९५५ साली 'अशोक लेलँड' असे नामकरण झाले. या शहरातील पुदुपेट भाग जुन्या वाहनांच्या सुट्या भागांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या ट्रकची हवानलिका गंजली किंवा फुटली आणि मूळ भाग मिळेनासा झाला, की अशा बाजारातील पाइप व डबे जोडून नवी नलिका तयार करता येते. हे काम वरवर सोपे दिसते. परंतु त्यातील एक लहानशी चूक संपूर्ण इंजिनाचा नाश करू शकते. ती कशी टाळावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला—
- डिझेल इंजिनास हवा कशासाठी लागते ते सांगता येईल;
- चांगल्या हवानलिकेचे गुण स्पष्ट करता येतील;
- धूळ व पाणी यांपासून इंजिनाचे रक्षण कसे करावे ते सांगता येईल.

पाठ

१. हवेची गरज

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये केवळ हवा ओढली जाते आणि पिस्टन ती जोराने दाबतो. दाबामुळे हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात इंजिन त्याहूनही अधिक हवा घेते. म्हणजे ट्रकच्या टाकीत जे इंधन मावते, त्याच्या हजारो पट हवा या नलिकेतून जात असते.

२. नलिकेची रचना

नलिकेचा व्यास हवागाळणीच्या तोंडापेक्षा कमी नसावा आणि तिची वळणे सौम्य असावीत. अरुंद नलिकेत किंवा काटकोनी वळणात हवा अडते. मग डिझेल अर्धवट जळून काळा धूर निघतो.

हवा थंड असणेही आवश्यक आहे. बॉनेटखालची ६० अंश सेल्सिअसची हवा ही बाहेरच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. म्हणून नलिकेचे तोंड इंजिनाच्या उष्णतेपासून व सायलेन्सरच्या धुरापासून दूर, केबिनच्या मागे उंचावर ठेवतात. इंजिनाजवळच्या भागात पाणीपुरवठ्याचा प्लास्टिक पाइप वापरू नये, कारण तो उष्णतेने मऊ पडतो. तेथे पत्र्याचा पाइप आणि तेल व उष्णता सहन करणारी रबरी होज वापरावी.

नलिका बदलल्याने इंजिनाची ताकद पुष्कळ वाढते, हा समज मात्र खरा नाही. डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः किती डिझेल फवारले जाते यावर ठरते. जुनी नलिका किंवा गाळणी तुंबलेली असेल, तर गमावलेली ताकद परत मिळते, एवढेच.

३. गाळणीनंतरचा सांधा

जुन्या ट्रकमध्ये तेलाच्या भांड्याची गाळणी असे. हवा तेलावरून वळताना तिच्यातील जड धूळ तेलात अडकत असे. पुढे कागदी गाळणी प्रचारात आली. गाळणी कोणतीही असो, ती काढून टाकून हवा मोकळी करणे हा आत्मघात होय. धुळीचे कण तेलात मिसळले की ते कानशीप्रमाणे सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजवतात. दाब कमी होतो, इंजिन तेल खाऊ लागते आणि सकाळी सुरू होण्यास त्रास देते.

गाळणीच्या आधी नलिकेला लहानशी चीर पडली, तरी तीतून आलेली धूळ गाळणी रोखते. गाळणीनंतरच्या भागातील चिरेतून शिरलेली धूळ मात्र थेट सिलिंडरमध्ये जाते. म्हणून या भागातील प्रत्येक सांधा क्लॅम्पने घट्ट आवळावा. वेल्डिंग करायचे असल्यास पाइप ट्रकवरून उतरवून करावे आणि आतील धातूचे कण पूर्ण काढावेत. काही दिवसांनी इंजिन बंद करून हा भाग उघडावा व आतून स्वच्छ कापड फिरवावे. कापडाला धूळ लागली, तर सांधा गळत आहे असे समजावे.

४. पाण्याचा धोका

चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराने शहराचा मोठा भाग जलमय झाला होता. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यावर पिस्टन वर येऊ पाहतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नलिकेच्या तोंडावर पावसाची टोपी असावी आणि गाळणीच्या आधी सर्वांत खालच्या जागी पाणी निथळण्यास छिद्र असावे. पाण्यात बुडालेला ट्रक तपासणीवाचून सुरू करू नये.

नलिका बदलण्यापूर्वी कायद्याचाही विचार करावा. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपासून वेगळे होतील असे बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत. म्हणून मूळ भागाच्या मापाचीच नलिका बनवणे आणि शंका असल्यास परिवहन कार्यालयात विचारणे श्रेयस्कर.

आपण काय शिकलात

- इंजिनास पुरेशी, थंड, कोरडी व स्वच्छ हवा हवी.
- गाळणी आणि इंजिन यांमधील सांधा सर्वांत जपावा.
- हातचे कौशल्य मोलाचे आहे. मात्र त्याला नियमांच्या ज्ञानाची जोड हवी.

शब्दार्थ

विरळ – कमी दाट. सौम्य – हलके, तीव्र नसलेले. विनिर्देश – ठरवून दिलेली मापे व गुण. निथळणे – हळूहळू गळून जाणे. श्रेयस्कर – हिताचे

स्वाध्याय

१. डिझेल इंजिनात इंधन आपोआप का पेटते?
२. गाळणीनंतरची चीर आधीच्या चिरेपेक्षा अधिक घातक का?
३. 'पाणी दाबले जात नाही' या विधानाचा इंजिनाच्या संदर्भात अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या मिस्त्रीशी बोलून वाहनाची हवागाळणी केव्हा व कशी साफ करतात, ते आठ ते दहा ओळींत लिहा.