लँडरोव्हर घ्यायची तर आधी पाठीवर आडवं व्हा

जुनी जीप बघायला गेलं की आपल्याकडे माणूस आधी पत्रा बघतो. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवतो, मडगार्डवर टिचकी मारतो. गाडी कोकणातली असेल तर विचारायलाच नको. हीच नजर घेऊन इंग्लंडात आलेली मराठी मंडळी जुनी लँडरोव्हर बघून येतात आणि हरखून फोन करतात, ‘पन्नास वर्षांची गाडी, पण गंजाचा ठिपका नाही हो!’ ठिपका दिसणार कुठून? बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं, अ‍ॅल्युमिनियम मात्र मिळत होतं. त्यामुळे १९४८ साली रोव्हर कंपनीनं ही गाडी आणली ती बर्माब्राइट नावाच्या मिश्रधातूचे पत्रे लावून. चासी पोलादाचीच राहिली, आणि खरा व्यवहार त्या चासीचा असतो. ओळखीतलं कुणी गाडी बघायला बरोबर नेलं की मी जे सांगतो, ते असं.

१. जुने कपडे घालून जा. बरोबर टॉर्च, छोटी हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि अंथरायला ताडपत्री घ्या. ही चासी म्हणजे पत्रे जोडून केलेली पोकळ चौकोनी नळी. इथं हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर आत शिरतं, तिथंच बसतं आणि चासी आतून बाहेर कुजत येते. बाहेरचा काळा रंग शेवटपर्यंत छान दिसतो. म्हणून ठोकत जायचं. धड पोलाद ठणकतं, कुजलेलं बद्द वाजतं. सगळ्यात मागचा आडवा तुकडा, मागच्या पाट्यांचे हँगर, आणि पुढच्या दारांखाली चासीतून बाहेर आलेले आउटरिगर, एवढ्या जागा कुणी कितीही घाई केली तरी सोडू नका. वेल्समध्ये एका शेतावरच्या शेडमध्ये आम्ही अशीच एक गाडी बघत होतो. मालक सांगत होता, ‘कायम छपराखाली असते.’ आउटरिगरवर डांबरी रंगाचा ताजा थर होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं आणि ओल्या बिस्किटासारखा तपकिरी भुगा माझ्या चष्म्यावर पडला. मालकानं शांतपणे किंमत कमी केली. आम्ही त्याच्याकडचा चहा पिऊन निघालो.

वेल्डिंगची ठिगळं असली म्हणजे गाडी बाद, असं नाही. ठिगळ चांगल्या धातूपर्यंत नेऊन चारी बाजूंनी सलग जोडलंय, की गंजावरच पत्रा ठेवून चार टाके मारलेत, ते बघा. जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी घातलेली गाडी मिळाली तर जास्त पैसे मोजायला माझी हरकत नसते. मात्र ते काम कुणी, कधी केलं त्याची बिलं आणि फोटो मागायचे.

२. पुढच्या काचेखालची भिंत, जिला इथं बल्कहेड म्हणतात, तीही पोलादाची. पाय ठेवायच्या जागेवरचं मॅट उचलायला लावा. काचेखाली हवा येण्यासाठी जी झापडं असतात त्यांचे कोपरे आणि दाराच्या खांबांचे तळ चाचपा. दाराच्या खालच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर तिथं अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना खातायत. दार बदलता येतं. बल्कहेड बदलायचं तर अर्धी गाडी उघडावी लागते.

३. कागद घरीच वाचून निघा. चाळीस वर्षांवरच्या गाडीत गेल्या तीस वर्षांत मोठा फेरफार झालेला नसेल, तर तिला एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, माफ असते. विक्रेते हे मोठ्या कौतुकानं सांगतात. मला त्यात एवढंच ऐकू येतं, की गाडीखाली बरेच दिवसांत कुणी डोकावलेलं नाही. नंबर टाकला की पूर्वीच्या तपासण्यांचे शेरे सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यात चासीवरच्या गंजाचा शेरा असेल, तर पुढं त्याचं काय केलं ते विचारा.

सिरीज टू आणि थ्री गाड्यांचा चासी नंबर पुढच्या उजव्या पाट्याच्या हँगरवर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशनं घासा आणि व्ही-फाइव्ह-सी या नोंदणीपत्राशी ताडून बघा. बदललेल्या चासीवर तो नसेलही. अशा वेळी बिलं उपयोगी पडतात. आणि नोंदणीपत्रावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नसतं. ते त्या कागदावरच छापलेलं असतं.

४. आपण पोहोचायच्या आधी इंजिन सुरू करू नका, असं फोनवरच सांगा. गेल्यावर बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर थंडीत सुरू होतं की नाही हे कळायचं राहिलंच. सव्वादोन लिटरचं पेट्रोल इंजिन तसं चिवट आहे. तेलाचे चार थेंब खाली पडलेले दिसले म्हणून घाबरू नका. जमीन कोरडी दिसली की ‘आत तेल आहे का?’ असं विचारायचा इथला जुना विनोद आहे.

५. गाडी स्वतः चालवा. सिरीज थ्रीच्या, म्हणजे १९७१ नंतरच्या, गाडीत पुढचे चारही गिअर सिंक्रोमेशचे. त्याआधीच्यांत पहिला आणि दुसरा पडताना कुरकुरला तर दोष तुमच्या पायाचाही असू शकतो. दुसऱ्या गिअरमध्ये वेग घ्या आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा. दांडा उडून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्सचं काम निघालं. पिवळा खटका दाबून चारही चाकं जोडून बघा, पण ते ओल्या गवतावर किंवा खडीवर. मध्ये डिफरन्शियल नसल्यानं कोरड्या डांबरावर वळताना सगळा ताण गिअरबॉक्स आणि शाफ्टवर येतो. लाल दांडा मागं ओढला की लो रेंज.

६. पुढच्या चाकांमागे क्रोमचे मोठे गोळे असतात, त्यांच्यावर पुढचं चाक वळतं. बोट फिरवा. क्रोमला खड्डे पडले असतील तर ते नवं सीलही कापतात, तेव्हा ‘फक्त सील बदला’ हे ऐकून सोडून द्यायचं.

७. सौदा झाला की विक्रेत्याच्या दारातच विमा करा. जुन्या मालकाचा रोड टॅक्स नव्या मालकाकडे येत नाही. ऐतिहासिक वर्गात रक्कम शून्य असली तरी नोंद करावीच लागते. नोंदणीपत्राची हिरवी चिठ्ठी आपल्याकडे येते, तिच्यावरच्या नंबरानं हे काम मोबाइलवर होतं. घरी जाताना मोटरवेचा मोह टाळा. ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढं इंजिनाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि ड्रम ब्रेकनं थांबायला किती अंतर लागतं त्याचा अंदाज गावातल्या रस्त्यावरच घेतलेला बरा.