वयात येताना : देह, मन आणि ‘मी कोण?’

‘पोरगी वयात आली’ हे वाक्य आपल्या भागात दोन अर्थांनी बोलले जाते. एक अर्थ शरीराचा. दुसरा, आता स्थळे पाहायला हरकत नाही, असा. मुलाच्या बाबतीत ‘मिसरूड फुटले’, ‘आवाज फुटला’ असे म्हणतात व त्यात थोडे कौतुक असते. मुलीला ‘पदर आला’, ‘ती शहाणी झाली’ म्हणतात; आणि शहाणी झाल्याबरोबर तिला घरातील एकाही शहाणपणाच्या गोष्टीत विचारले जात नाही! मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातील पौगंडावस्था आपल्या घरांत प्रथम शिरते ती अशी, शब्दांच्या वाटेने. म्हणून प्रस्तुत लेखात ग्रंथांतील विवेचनाबरोबर आपल्याकडील परिस्थितीचाही विचार करावयाचा आहे.

आधी शरीराचे पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून पियुषिका ग्रंथीला संदेश जाऊ लागतात, तिच्याकडून मुलींच्या अंडाशयांना व मुलांच्या वृषणांना, आणि मग रक्तात संप्रेरके वाढतात. मुलींमध्ये हा आरंभ साधारणतः ८ ते १३ व मुलांमध्ये ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान होतो. उंचीची मोठी वाढ मुलींत सुमारे दोन वर्षे आधी येते. सातवीच्या वर्गात मुली उंच आणि मुले बुटकी दिसतात ती यामुळे. शिवाय हातपाय आधी लांब होतात, धड मागून वाढते. त्या काळात हातून पेला निसटतो, उंबऱ्याला ठेच लागते आणि ‘लक्ष कुठे असते तुझे?’ हे बोलणे खावे लागते. आणखी एक गोष्ट कोणीच सांगत नाही. या वयात पुष्कळ मुलांची छाती किंचित सुजल्यासारखी होते, गाठ लागते, दुखते. बहुतेकांची ती वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. पण हे ठाऊक नसलेला मुलगा बनियन काढायला लाजतो, कयाधूच्या डोहावर पोहायला जाणे टाळतो, आणि आपण पुरुषच नाही की काय, या शंकेने रात्र रात्र जागतो. दोन वाक्यांत दूर होणारी भीती तो दोन वर्षे बाळगतो.

येथे देहप्रतिमेचा प्रश्न सुरू होतो. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली ‘कल्पित प्रेक्षक’ अशी संकल्पना मांडली. या वयातील मुलाला वाटते की, सारे जग आपल्याकडेच पाहत आहे. गालावरचा एक मुरूम म्हणजे साऱ्या वर्गाचा विषय! प्रत्यक्षात वर्गातला प्रत्येक जण आपापल्या मुरुमाच्या काळजीत असतो. परंतु हा प्रेक्षक सर्वस्वी कल्पित असतो, असे मात्र मला वाटत नाही. आपल्याकडे तो बाजारात, पारावर आणि लग्नाच्या मांडवात खराखुरा बसलेला असतो व मोठ्याने बोलतो. ‘फेअर अँड लव्हली’ ही मलम १९७५ साली बाजारात आली आणि तिच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द जायला २०२० साल उजाडावे लागले. हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीचे ढीग लागतात. त्याच गावांतल्या मुली अंगाचा रंग उजळावा म्हणून ट्यूब विकत घेतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातील जब्या आठवावा. त्याला वर्गातील शालू आवडते आणि काळ्या चिमणीच्या राखेने ती आपली होईल, अशी त्याची आशा असते. त्याला आपले रूप खटकते, पण त्या खटकण्याच्या मुळाशी जात आहे. देहप्रतिमेवरील पाश्चात्त्य प्रकरणांत हा मुद्दा सहसा सापडत नाही. आपल्याला तो वगळून चालणार नाही.

भावनांविषयी पूर्वी बरीच टोकाची मते होती. स्टॅनले हॉल यांनी १९०४ च्या ग्रंथात हा काळ म्हणजे वादळच, असे सांगितले. मार्गारेट मीड यांनी १९२८ मध्ये सामोआ बेटावरील मुलींचे उदाहरण देऊन, वादळ वयाचे नसून समाजाचे असते, असा निष्कर्ष काढला. १९८३ मध्ये डेरेक फ्रीमन यांनी त्यावर कडाडून टीका केली. आज मेंदूच्या अभ्यासावरून असे दिसते की, भावना उद्दीपित करणारे भाग लवकर जागे होतात, तर विचारपूर्वक आवर घालणारा कपाळामागील भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. झोपेची वेळही या वयात पुढे सरकते, त्यामुळे पहाटे न उठणारा मुलगा दर वेळी आळशीच असतो असे नाही. (वडीलधाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.) मात्र उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, जेवण व अभ्यास सुटला, जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

आता ‘मी कोण?’ या प्रश्नाकडे वळू. एरिक एरिक्सन यांच्या मते, स्वतःची ओळख घडविणे हे या वयाचे मुख्य कार्य होय, आणि त्यासाठी समाजाने तरुणाला काही मोकळा अवधी द्यावा लागतो. त्या अवधीत तो चुकतो, वेगवेगळ्या भूमिका करून पाहतो, मत बदलतो. मला या विषयाचा गाभा येथे दिसतो. बीड, परभणी, हिंगोली या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. मागे गावात वयात आलेली मुलगी एकटी ठेवायची भीती, बरोबर न्यावी तर शाळा सुटते. मग लग्न. देह वयात आला आणि ओळख ठरून गेली. मधला अवधी काही महिन्यांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झालेले होते, आणि मराठवाड्यातील चित्र याहून वाईट आहे.

हा अवधी मागणारी पहिली मराठी मुलगी म्हणून रखमाबाईंचे नाव घ्यावे लागेल. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात’ असा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतून त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून फक्त १२ झाले, तरी केवढे काहूर उठले! १९२९ चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. मुलीचे वय १८ झाले ते १९७८ मध्ये.

राहिला प्रश्न, विचारायचे कोणाला? र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले व वाचकांच्या शरीरविषयक शंकांना त्यात सरळ उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी कर्व्यांना दंड झालाच. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, २००७ साली, महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबविण्यात आले. प्रश्न तेच राहिले, उत्तरे मात्र मित्रांच्या कुजबुजीतून आणि मोबाइलवरून मिळू लागली. त्यांतील निम्मी चुकीची आणि उरलेली भीतीदायक असतात.

सरकारी रुग्णालयांत १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ या नावाची सल्ला केंद्रे आहेत. मानसिक त्रासासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा, तर बालविवाहाची खबर देण्यासाठी १०९८ हा विनाशुल्क क्रमांक आहे. आपल्या महाविद्यालयातील अकरावी-बारावीचे विद्यार्थी याच वयोगटात मोडतात. पदवीच्या पहिल्या वर्षाचेही बहुतेक.